मशिदीतला पुस्तकगट: पुस्तकं इंग्रजी, मावशी मराठी आणि मधे मी

वालाचं_बिरडं

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पोस्टात 31 वर्षं काउंटरवर काढली, अर्धवट भरलेला फॉर्म पुढे सरकवायची सवय नाही. तेव्हा सगळं लिहिते, कंटाळलात तर शेवटचा परिच्छेद वाचा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अलिबागकडच्या किनाऱ्यावरचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने ज्यांना शनवार तेली म्हटलं, ते. मी राहते ठाण्याला, पण माहेरची मशीद मुंबईत आहे, तिथेच जाते. गेल्या पावसाळ्यात कमिटीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की तरुण पोरं सणापुरतं तोंड दाखवतात, त्यांच्यासाठी काही करावं. नोटीस बोर्डावर कागद लागला: 'समकालीन ज्यू साहित्य वाचनगट'. चालवायचा कुणी? तर 'ती वाचते ना', म्हणून मी.

महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी चार. वर बायकांच्या गॅलरीला लागून एक खोली आहे. दोन ट्यूबलाइट, पैकी एक लागते. व्हॉट्सॲपवर 14 जण, प्रत्यक्षात सात-आठ. सगळ्यात लहान आमचा इंजिनीअर, वय 22. मराठी फर्डं बोलतो, पण वाचतो ते लोकलच्या दारातून स्टेशनची पाटी वाचावी तसं, अक्षर अक्षर लावत. सगळ्यात मोठ्या मावशी, 81. कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत, म्हणून सगळ्यांच्या. मराठी सातवी झालेल्या, पण जन्मभर दिवाळी अंक आणि लायब्ररीच्या कादंबऱ्या अक्षरशः खाल्लेल्या. इंग्रजी म्हणाल तर बँकेच्या पासबुकापुरतं.

आता पुस्तकं. पहिलं धरलं अमोस ओझ यांचं आत्मकथन, 2002 चं, 'अ टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस'. पाचशेच्या वर पानं. दोघांनी संपवलं, त्यातली एक मी. बाकीच्यांनी मान डोलावली. मावशी दीड तास बसून राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, 'चहा बरा होता.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरं डेव्हिड ग्रॉसमन यांचं 'अ हॉर्स वॉक्स इनटू अ बार'. याच कादंबरीला 2017 मध्ये मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं. नेतान्या गावातल्या एका हॉलमध्ये एक विनोदवीर रात्री कार्यक्रम करतोय, बस, एवढीच गोष्ट. पण विनोद सांगता सांगता तो स्वतःच्या लहानपणात घसरत जातो आणि प्रेक्षक एकेक करून उठायला लागतात. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, 'हा कीर्तनकारच आहे, फक्त उत्तररंगावर आला की लोक घरी जातात.' हशा झाला. मावशींना हसण्याचं कारण कळेना, म्हणून मी सहज गोष्ट मराठीत सांगायला लागले. चौदा वर्षांचा पोरगा, शाळेतर्फे लष्करी शिबिराला गेलेला. त्याला बोलावून सांगतात, चल, तुला जेरुसलेमला अंत्यविधीला जायचंय. कुणाच्या ते कुणी सांगत नाही. आई गेली की बाप, पोराला माहीत नाही, आणि विचारायचा धीर नाही. गाडी चालवणारा सैनिक वाटेभर त्याला विनोद सांगत राहतो. आणि पोरगा तिकडे बसून मनात तराजू धरतो, दोघांतलं कुणीतरी गेलंच असेल तर कोण गेलेलं...

मी इथपर्यंत आले आणि मावशींनी माझं मनगट धरलं. 'मेल्यांनी पोराला सांगितलंच नाही?' मी म्हटलं, नाही. 'आई की बाप?' मी म्हटलं, मावशी, पुस्तकात पुढे आहे. 'मग वाच की.' पण वाचणार काय? इंग्रजी. त्या दिवशी साडेसहा वाजेपर्यंत मी तोंडी भाषांतर करत बसले. घसा बसला. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

तिसरं 'बुक ऑफ रेचल', अहमदाबादच्या एस्तर डेव्हिड यांचं. याला 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. म्हटलं, हे तरी घरचं. कोकणातलं गाव, सगळे ज्यू इस्राएलला निघून गेलेत, मुलंही गेलीत, आणि एकटी रेचल रिकाम्या सिनेगॉगची झाडलोट करत राहिलीय. जागेवर बिल्डरचा डोळा. यातलं माणूस न माणूस आम्हाला ओळखीचं. पण झालं काय, दर प्रकरणाच्या तोंडाशी एक पाककृती आहे. त्यावरून गाडी घसरली ती आमच्या चिकाच्या हलव्यावर. गहू तीन दिवस भिजवून चीक काढायचा, का बाजारचं कॉर्नफ्लोअर चालतं, यावर चाळीस मिनिटं. दोन बायका एकमेकींशी अजून नीट बोलत नाहीत. रेचल राहिली बाजूला.

तर विचारायचं ते असं. ज्या पुस्तकांत आमचीच गोष्ट आहे ती इंग्रजीत, आणि ती गोष्ट ज्यांच्या अंगावरून गेली ती माणसं मराठीत. 'बुक ऑफ रेचल'ची मराठी प्रत दोन-तीन दुकानांत विचारली, मला मिळाली नाही. दर वेळी दोन तास तोंडी भाषांतर करणं माझ्या घशाला झेपायचं नाही. मावशींना सोडून गट चालवणं जमेल, पण मग तो मला चालवायचा नाही. कुणी असा मिश्र गट चालवलाय का? पुढचं पुस्तक काय घ्यावं? आणि हलवा आवरायचा कसा?

थळचा_बाबू

ताई, आधी एक अडाणी प्रश्न. सिनेगॉगला मशीद? वाचताना दोनदा अडखळलो.

मी अलिबागकडचा. लहानपणी इस्राएल आळीतून शाळेत जायचो, आमच्या वर्गात त्या आळीतले दोघे होते. पुढे दोघांच्या घरांना कुलपं लागली. नवगावच्या त्या जुन्या दफनभूमीत गेलात का कधी? गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली, ती तिथली, असं आमच्या गावातही सांगतात. आमचे आजोबा तर असं सांगायचे की जणू ते स्वतः दोर टाकायला गेले होते.

पुस्तकांतलं मला कळत नाही. पण रेचलचं पुस्तक इकडे येऊन, रेवदंड्याला वाचा. तिथेही तुमचं देऊळ आहे. खोलीत बसलं की माणसाला स्वयंपाक आठवतो, समुद्रावर बसलं की दुसरं काही आठवेल.

वालाचं_बिरडं

बाबूराव, अडाणी कसला, हा प्रश्न मला पोस्टात दर महिन्याला यायचा. जुन्या कोकणी लोकांना प्रार्थनेच्या जागेसाठी तोंडात बसलेला शब्द तोच, तो आम्ही उचलला. तुम्ही मध्य रेल्वेने आलात तर सीएसएमटीच्या अलीकडे मशीद स्टेशन लागतं. ते नाव आमच्या मशिदीवरून पडलं, असं आमच्यात सांगतात. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटून आले, त्याची परतफेड म्हणून. पुण्याचे लोक मात्र तिथल्या सिनेगॉगला 'लाल देऊळ' म्हणतात. म्हणजे देऊळ, मशीद दोन्ही आमचीच, भांडायला जागा नाही.

रेवदंड्याची कल्पना छान आहे, पण मावशींचे गुडघे आणि मांडवा जेट्टीच्या पायऱ्या यांचं पटत नाही. बघू, थंडीत गाडी केली तर.

तर्कटराव

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुस्तकगट म्हणजे ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनी चर्चा करायची. ज्यांनी वाचलं नाही त्यांना गोष्ट सांगणं याला भजनी मंडळ म्हणतात. तुम्ही मावशींवर उपकार करता आहात असं तुम्हाला वाटतं, पण उरलेल्या सात जणांचे दोन तास जातात. शिवाय तोंडी सांगितलेली कादंबरी ही कादंबरी राहत नाही. ग्रॉसमनची सगळी मजा निवेदनात आहे, घटनेत नाही. तुम्ही सांगितली ती फक्त घटना. मावशींसाठी वेगळा मराठी गट काढा.

रास्तापेठी

तर्कटराव, ज्या कादंबरीत एक माणूस हॉलभर लोकांना तोंडाने गोष्ट सांगतो, ती तोंडाने सांगायची नाही म्हणता? बरं.

बिरडेताई, मी पुण्याची, तुमच्यातलीच. तुम्ही इंग्रजी आणि मराठी यांच्यामध्ये अडकलात, पण तिसरी एक वाट समोर आहे: हिंदी. शीला रोहेकर यांची 'मिस सैम्युएल: एक यहूदी गाथा' मूळ हिंदीतच लिहिलेली कादंबरी आहे, 2013 ची. बेने इस्राएल घराण्याची पिढ्यांची कथा. लिपी देवनागरी! मावशींनी जन्मभर हिंदी सिनेमे पाहिलेच असतील, त्यांना पन्नास पानांत सवय होईल. आणि तुमच्या इंजिनीअरला शाळेत हिंदी होतीच. दोघं एकाच पानावर येतील, म्हणजे खरोखरच एका पानावर.

त्याआधीचीही एक आहे, मीरा महादेवन यांची 'अपना घर'. तीही हिंदी, 1961 ची, नंतर 'शुलामिथ' नावाने इंग्रजीत आली. समकालीन म्हणायला जुनी आहे, पण इथे राहायचं की इस्राएलला जायचं हा घरातला पेच तिच्यात आहे, आणि तो जुना झालाय असं मला वाटत नाही. आमच्या घरात गेल्या रविवारीच झाला.

दुसरं, कादंबऱ्याच का? निसीम इझिकेल घ्या. कविता एका पानाची असते, झेरॉक्स दोन रुपये, आणि 'मी वाचून आलो नाही' ही सबब संपते. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' घ्या. मोठ्याने वाचायला पाच मिनिटं लागतात, भांडायला दोन तास.

पनवेलचा_अश्दोदकर

शालोम आणि नमस्कार. मी 1969 मध्ये आईवडिलांबरोबर इकडे इस्राएलला आलो, तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मराठी चौथीत राहिली ती राहिलीच, चुका पोटात घाला.

बिरडेताई, तुमचं दुःख आमच्याकडे उलटं आहे. माझी नात ग्रॉसमन हिब्रूत वाचते, शाळेत ओझ वाचलेत. पण तिला आजीची चिठ्ठी वाचता येत नाही. इथे 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक काढलं आमच्या लोकांनी, ते घरी येई तेव्हा बायको चष्मा पुसून बसायची आणि नात विचारायची, हे काय, कपडे वाळत घातलेत का? शिरोरेषेला म्हणायची ती.

घोड्याच्या पुस्तकाबद्दल एक सांगतो. हिब्रूत नाव 'सूस एखाद निख्नास लेबार'. ही विनोदाची सुरुवात असते, जशी आपल्याकडे 'गुरुजी बंड्याला विचारतात'. नाव ऐकलं की माणूस हसायची तयारी करतो आणि मग हे पुस्तक. मावशींना असं सांगा, त्यांना लगेच कळेल.

आणि रास्तापेठी बाईंनी राहायचं की जायचं म्हटलं म्हणून. जायचं ठरवल्यावर पुढे काय झालं, ते कुणीतरी लिहायला हवं. 1962 मध्ये इथल्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीने हुकूम काढला, की बेने इस्राएल माणसाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या आजी-पणजीपर्यंत चौकशी करा, ज्यू आहेत की नाही. दोन हजार वर्षं तेल गाळत शब्बाथ पाळला, आणि इथे येऊन दाखला मागितला! माझे सासरे 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरून बसलेल्यांत होते. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की हे सर्व बाबतींत पुरते ज्यू आहेत. सासरे सांगायचे, तिथे बसलेल्या बायका रात्री मराठीत गाणी म्हणायच्या. त्यावरची एक चांगली कादंबरी मी चाळीस वर्षं हिब्रूत शोधतो आहे. मला नाही सापडली. तुमच्या गटात कुणी लिहिणारं आहे का?

वालाचं_बिरडं

अश्दोदकर काका, 'कपडे वाळत घातलेत' हे मी मावशींना फोन करून सांगितलं. खूप हसल्या, मग गप्प झाल्या. त्यांची तिन्ही मुलं तिकडेच आहेत, लोद आणि दिमोनाला.

तर्कटराव, राग नाही. पण भजनी मंडळाला नावं ठेवू नका, आमचं साहित्य तिथूनच आलंय. 1880 च्या सुमारास आमच्या लोकांनी हिंदू कीर्तनं ऐकली आणि तशीच अब्राहामाची, योसेफाची कीर्तनं मराठीत रचली. ओव्या, साक्या, दिंड्या, सगळं. माझ्या आजोबांकडे एक पुस्तिका होती, पानं मसाल्याच्या डब्यासारखी वास यायची. आजोबा पेटीवर, आणि आजी मागून चुकीच्या जागी टाळ. लिहिता-वाचता न येणारी बाई योसेफाला भावांनी विहिरीत टाकला की पदराने डोळे पुसायची. त्याच्याही आधी, 1874 मध्ये पुण्यात आमचा हग्गादा छापलाय, वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. त्याच्या चित्रात बायका लुगडं नेसून बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. तेव्हा आमचे लोक मराठीत लिहीत, छापत, गात होते. मग मुलं इंग्रजी शाळेत गेली, त्यांची मुलं विमानात बसली. मराठीत कादंबरी लिहायला कुणी जागेवर राहिलंच नाही. हे माझं मत, खोडा खुशाल.

निवेदन हरवतं हे मात्र तुमचं बरोबर. मी सांगितली ती माझी गोष्ट झाली, ग्रॉसमनची नव्हे. म्हणूनच रास्तापेठीचं ऐकलं. पुढच्या रविवारी कविता. झाली की येऊन लिहिते.

तर्कटराव

हग्गादाचं माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

वालाचं_बिरडं

झाली बैठक. परवाच. नऊ जण होते, एक जण चुकून आला होता पण थांबला.

आधी प्रास्ताविक म्हणून मी सांगितलं, की निसीम इझिकेल 1924 ला मुंबईत जन्मले, 2004 ला गेले, 1983 मध्ये साहित्य अकादमी मिळालं, इंग्रजीत लिहायचे. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हटलं, मावशी, यांनी वृंदा नाबरांबरोबर आपल्या इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. मान वळली. 'इंदिराबाईंच्या? आपल्यातल्या माणसानं?' तिथून पुढे त्या कवीबद्दल घरच्या माणसासारखं बोलत होत्या. माणसाची पत कशावरून ठरेल सांगता येत नाही.

इंजिनीअरने कविता इंग्रजीत वाचली, आणि मी आदल्या रात्री केलेलं मराठी एका शाळकरी वहीत लिहून नेलं होतं, ते मावशींनी वाचलं. कडव्यामागे कडवं, आधी तो, मग त्या. मला फक्त बसायचं होतं. घसा ठणठणीत.

शाळेतलं कडवं आलं, ज्यू पोराला वर्गात त्रास देतात ते. चहा करणाऱ्या काकांनी आतून आवाज दिला, 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं.' त्यांच्याच धाकट्या भावाने सांगितलं, 'तुझ्या वेळी नव्हतं, माझ्या वेळी होतं.' भाऊ-भाऊ साठ वर्षं एका घरात राहिले आणि हे त्या खोलीत कळलं. त्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही.

पुढे एक ओळ आहे, पूर्वज दाणे गाळून पोट भरायचे, आजूबाजूच्या जातींमध्ये परके. मी मराठीत 'घाण्यावर तेल गाळून' असं केलं होतं. इंजिनीअर वाचता वाचता थांबला. 'म्हणजे ते शनवार तेली, ते खरंच तेल काढायचे? मला वाटलं आडनाव असेल.' बावीस वर्षांचा घोडा! याच्या आईने काय सांगितलं मग? मावशींनी त्याला जवळ बसवून घाणा कसा फिरतो, पेंड कुठे जाते, बैलाच्या डोळ्याला झापड का, सगळं हाताने दाखवलं. त्यांनी स्वतः घाणा पाहिलेला नाही, त्यांच्या आजीने सांगितलेलं. पण हात बरोबर फिरत होते.

अश्दोदकर काका, तुमच्यासाठी एक गंमत. कवितेवरून मुलांच्यात सणांचा विषय निघाला. योम किप्पूरला मराठीत काय म्हणावं यावर मी 'प्रायश्चित्ताचा दिवस' म्हणाले. मावशी म्हणाल्या, 'दारफाळणी म्हण की.' त्यांच्या आजीकडे दारफाळणीचा सण. वल्हांडणाला अनशी धाकाचा सण, पुरिमला होळीचा सण, आणि देवळाच्या नाशाच्या उपासाला बिरड्याचा रोजा. माझं इथलं नाव मी त्यावरूनच घेतलंय, पण आजवर कुणी ओळखलं नाही. इंजिनीअरने सगळी नावं फोनमध्ये घेतली. रोमन लिपीत, पण घेतली.

हलवा निघाला. निघणारच होता. पण आता मी नियम केलाय: पाककृतीवर बोलायचं असेल तर पुढच्या वेळी करून आणायची. दोघी लगेच गप्प झाल्या. पुढच्या वेळी दोन हलवे येणार, हे उघड आहे.

खरा गोंधळ शेवटच्या ओळींवर झाला. तिथे कवी म्हणतो, की मी काही गोष्टी ठरवून टाकल्यात आणि त्यातली एक ही, की जिथे आहे तिथेच राहायचं. इंग्रजी शब्द 'कमिटमेंट'. याला मराठी काय? मी वहीत 'निर्धार' लिहिलं होतं. शिक्षिकाबाईंनी खोडलं, म्हणाल्या सरकारी जाहिरातीसारखं वाटतं. 'वचन' म्हटलं तर दिलं कुणाला? 'बांधिलकी' म्हटलं तर मोर्चाचा वास. चहावाले काका म्हणाले, 'शब्द दिलाय' म्हणा. मावशी म्हणाल्या, 'नवस.'

इंजिनीअर म्हणाला, मावशी, नवस म्हणजे आधी काहीतरी मागायचं ना? एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलतो तसं. हा माणूस तर काही मागतच नाहीये. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. 'तुला काय माहीत, काय मागितलं होतं त्यानं?'

मग म्हणाल्या, तिघांनी तिकीट पाठवलंय, फेब्रुवारीचं, परतीचं नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच सांगून त्यांनी वही मागितली आणि ते कडवं पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. शब्दाची जागा मी तशीच मोकळी ठेवली आहे, पेन्सिलीने डॅश.

तर पुढच्या वेळी 'मिस सैम्युएल'चं पहिलं प्रकरण. तीन प्रती आल्या, दोन वाटेत आहेत, आणि पोस्टाने आहेत म्हणजे येतील. तोवर त्या डॅशच्या जागी काय बसेल, सुचवा.

रास्तापेठी

'पण केलाय'? पण म्हणजे पैज नाही, प्रतिज्ञेतला पण. जुना आहे, पण मावशींच्या तोंडी शोभेल.

थळचा_बाबू

'ठाण मांडलंय' म्हणा. शब्द थोडा आडदांड आहे, पण माणूस हलत नाही.

मावशींचं फेब्रुवारीचं काय ठरलं ते कळवा. थंडीत गाडी केलीत तर जानेवारीतच करा.

तर्कटराव

'निर्धार' वाईट नव्हतं. पण त्या दोन भावांचं जे झालं, ते वेगळ्या मराठी गटात झालं नसतं, हे मान्य.

पनवेलचा_अश्दोदकर

हिब्रूत आम्ही म्हणू 'हितखाय्वुत'. त्याच्या पोटात 'खोव' आहे, म्हणजे कर्ज. माणूस ठरवतो म्हणजे देणेकरी होतो, असा तो शब्द. मराठीत तसं काही आहे का, मला चौथीपर्यंतच्या मराठीत आठवत नाही.

दिमोनाला माझी बहीण असते. मावशी आल्याच, तर तिला सांगेन जाऊन भेट म्हणून. नाही आल्या तर ती वही झेरॉक्स करून पाठवा, नातीला शिरोरेषा शिकवायला घेतो.

वालाचं_बिरडं

काका, वही मावशींकडेच आहे, निघताना पिशवीत टाकली त्यांनी. मागून घेते. 'कर्ज' त्यांना आवडणार नाही, पानवाल्याचेही पैसे उधार न ठेवणारी बाई आहे. पण सांगते. दोन्ही हलवे खाऊन झाल्यावर सांगते.